साइन म्हणजे छाती

४ मार्च
"तिथलं बरं आहे ना आता?" — जाऊबाई. तिथलं! डॉक्टर सोडले तर कुणी नाव घेईल तर शपथ. डावी छाती काढली माझी. छाती. घ्या, लिहिलं!

६ मार्च
शाळेच्या गणिताच्या पुस्तकासाठी लिहिलेला माझा धडा परत आला. त्रिकोणमिती. गणितं जशीच्या तशी, पण 'साइन' या शब्दाच्या गोष्टीवर लाल काट. ऑपरेशननंतर उशीला टेकून लिहिलेला नेमका तोच भाग!

किती गमतीची गोष्ट! संस्कृतात धनुष्याची दोरी म्हणजे ज्या किंवा जीवा; वर्तुळातल्या तशाच रेषेलाही तेच नाव. अरबांनी तिचं 'जिबा' केलं. त्यांच्या लिहिण्यात स्वर गाळलेले, म्हणून पुढे कुणी तेच 'जैब' वाचलं — छातीवरचा कपड्याचा घोळ, छाती. लॅटिनवाल्याने इमानेइतबारे भाषांतर केलं: 'सायनस', त्याचंच पुढे 'साइन'. झालं! दोरीची छाती झाली, आणि जगभरची पोरं तीच घोकताहेत.

९ मार्च
प्रकाशनाच्या ऑफिसात गेले. संपादकबाई टेबलावरचे कागद उगाच सारखे करत बसल्या.
"मुलं हसतील हो."
"हसू देत. हसली की लक्षात राहतं."
"नुसतं 'कपड्याची घडी' लिहू या ना."
"घडी कपाटात ठेवतात, बाई!"
त्यांची नजर माझ्या डाव्या बाजूकडे गेली, लगेच खिडकीकडे वळली. मग हळूच — "तुम्हाला तरी कसा लिहवला हा शब्द? एवढं सगळं होऊन..."
माझा आवाज चढला. "माझी काढली म्हणून शब्दही काढायचा?" बाहेरच्या टेबलांवर माना वर झाल्या. होऊ देत! निक्षून सांगितलं — परिच्छेद गेला तर अख्खा धडा परत घेईन.

१० मार्च
नवरा म्हणतो, "एका शब्दासाठी कशाला डोक्यात राख घालतेस?" ब्लाउजच्या डाव्या बाजूला रोजचं पॅड न घालता भाजी आणायला गेले. जग बुडालं नाही.

१४ मार्च
प्रुफं आली. परिच्छेद जागेवर, 'छाती'सकट! सोबत चिठ्ठी नाही, काही नाही. नमल्या बाई! दिवसभर घरात मिरवले.

१५ मार्च
सकाळी संपादकबाईंचा फोन. "माझ्या छातीत गाठ आहे. बरेच दिवस झाले. घरी सांगायला तोंडच उघडत नाही. तुम्ही याल माझ्याबरोबर?"

तपासणीच्या खोलीबाहेर बसून लिहितेय. त्या आत आहेत. त्यांची पर्स माझ्या मांडीवर.