घोड्याचं कार्ड

९ जानेवारी

भाऊजी यांस,
वहिनीचा स. न. वि. वि.

काल तुमच्या संग्रहालयात येऊन गेले. तिकीट काढून आले. दाराशी जाऊबाई नव्हत्या, म्हणून कोणी ओळखलं नाही. सायकलच्या दुकानावरच्या त्या दोन खोल्या ह्यांच्या तोंडून इतक्या ऐकल्या होत्या, की जिन्याची कोणती पायरी हलते तेही मला ठाऊक होतं. दोन तोंडांचं वासरू पाहिलं, गाईच्या पोटात निघालेला केसांचा चेंडू पाहिला. प्रत्येक वस्तूपाशी तुमच्या अक्षरातलं पुठ्ठ्याचं कार्ड, आणि भिंतीवर पाटी : हात लावून बघा.

मग खिडकीजवळच्या फळीवर बशीत तो खडा दिसला. कार्डावर लिहिलंय, माणसाचा मूतखडा. तुम्ही आठ-दहा लोकांना घेऊन तिथे उभे होतात, मी मागे खांबाआड. हा माझ्या सख्ख्या भावाचा, असं तुम्ही सांगत होतात. माणूस डोक्याने दगड होताच, पोटानेही दगडच निघाला, म्हणालात. सगळे फिदीफिदी हसले. एका बाईने खडा उचलून नवऱ्याच्या कानाला लावला.

भाऊजी, त्या ऑपरेशनची जखम भरली नाही आणि माणूस गेला. जखमेवरची पट्टी मी बदलत होते. तिचा वास अजून माझ्या हातांना येतो. आणि तुम्ही त्यांना बशीत ठेवून लोकांना हसवता. खडा मला द्या. दुसरं काही मागत नाही.

लोभाची अपेक्षा नाही, उत्तराची आहे.

वहिनी

१४ जानेवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. खांबाआड लपायची काय गरज होती? हाक मारली असतीत तर चहा मिळाला असता. दादा होता तोवर तुम्ही एकदाही हा जिना चढला नाहीत. आमच्या संग्रहाला भंगार म्हणायचात. दादाच्या खिशात एखादं शिंग निघालं, की ते थेट अंगणात. आता एकदम पुळका आला?

खडा दादाने स्वतः मला दिला, दवाखान्याच्या खाटेवर बसून. रुमालात गुंडाळून हातात ठेवला आणि म्हणाला, घोड्याच्या खड्याशेजारी ठेव, दोघांचं चांगलं जमेल. डोक्याने दगड हा विनोदही त्याचाच. सांगताना इतका हसला की टाके दुखले. तुम्ही तेव्हा औषधं आणायला गेला होतात. तुमच्यासमोर तो असलं काही बोलत नसे, कारण तुम्ही हसत नाही.

खडा मिळणार नाही. सुट्टी असली की दादा इथेच येऊन बसायचा. तो इथेच राहील.

राग उतरला की लोभ चढू द्यावा.

आपला दीर

१८ जानेवारी

भाऊजी यांस,
वहिनीचा नमस्कार.

मी हसत नाही हे तुम्हाला कोणी सांगितलं? तुम्ही घरी गेलात की आम्ही दोघं तुमच्यावरच हसत असू.

रविवारी येते. पुढच्या दाराने, हाक मारून. जाऊबाईंना चहा टाकायला सांगा.

लोभाचं रविवारी बघू.

वहिनी

२३ जानेवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुम्ही आलात, चहा प्यायलात, वासराच्या दोन्ही तोंडांवरून हात फिरवलात. मी तुमच्या जाऊबाईंना म्हटलं, निवळल्या बरं का. तुम्ही गेल्यावर बघतो तर बशी रिकामी. ह्या वयात चोरी, वहिनी? चपला घालून पोलिसांकडे निघालोच होतो. तेवढ्यात शेजारच्या बशीकडे लक्ष गेलं, आणि हसत हसत खाली बसलो.

तुम्ही उचललेला खडा उलटा करा. तळाशी तपकिरी ठिपका दिसेल. ते नालाच्या खिळ्याचं टोक आहे. घोड्याने खिळा गिळला, त्याच्याभोवती खडा धरला. तुम्ही घोडा घरी नेलाय!

झालं असं, की वर्षातून एकदा आम्ही सगळ्या वस्तू साबणाच्या पाण्याने धुऊन गच्चीवर रांगेत वाळत घालतो. कार्डं भिजू नयेत म्हणून दादा ती रांगेप्रमाणे हातात धरून उभा राहायचा. मी वस्तू फळीवर ठेवली, की तो तिचं कार्ड द्यायचा. ह्या वेळी कार्डं धरायला कोणी नव्हतं. मी ती खिशात कोंबली. दादाचा खडाही मी ह्याच धुण्यात पहिल्यांदा मांडला. तेव्हाच त्याचं कार्ड घोड्याला लागलं आणि घोड्याचं दादाला.

चूक माझी, कबूल. पण हात तुमचा. घोडा परत पाठवा. ह्या रविवारी कार्डं सरळ करतो. तोवर बसा घोड्याशी सुखदुःखाचं बोलत.

लोभ आहेच, चोरांवरसुद्धा.

आपला दीर

२५ जानेवारी

भाऊजी यांस,
वहिनीचा स. न. वि. वि.

कार्डं बदलली नसतील तर थांबा. आधी हे वाचा.

खडा उलटा करून पाहिला. तो ठिपका मी ह्यांचं रक्त समजले होते. चष्म्याशेजारी टेबलावर ठेवला होता, आणि ह्यांना वाचून दाखवायचे तसा पेपर त्याला मोठ्याने वाचून दाखवत होते. घोड्याने मुकाट्याने ऐकलं. हे मध्येच उठून चहा मागायचे. तेवढ्यापुरता घोडा बरा.

मग डोकं चालवलं. त्या दिवशी लोक हसले ते घोड्याला. त्या बाईने नवऱ्याच्या कानाला लावला तो घोडा. पहिल्या दिवसापासून तुम्ही तोंड दुखेपर्यंत जी टवाळी केलीत, ती सगळी घोड्याची. हे शेजारच्या बशीत, घोड्याच्या कार्डाखाली, निवांत बसले होते. त्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं, आणि त्यांना मात्र लोकांची गंमत दिसत होती. याहून चांगली जागा माझ्याकडे नाही. इथे आणून मी त्यांना काय देणार? पेपर आणि माझं तोंड.

त्या खाटेवर ते हसले, हे मला तुमच्या पत्रातून कळलं. पट्ट्या बदलताना मला त्यांचं कण्हणंच तेवढं ऐकू यायचं. हे इतके दिवस सांगितलं नाहीत, म्हणून आभार मानत नाही.

सोबत घोडा पाठवते आहे. त्याला माणसाच्या कार्डापाशी बसवा आणि हवं ते बोला. पण कार्डं सरळ केलेली दिसली, तर रोज तिकीट काढून येईन, बशीशेजारी उभी राहीन, आणि तुमचा विनोद संपला की जखमेची हकिगत सुरू करीन. बघू कोण हसतं.

पुढच्या धुण्याला मी येणार. कार्डं मी धरीन. बाकीची बरोबर देईन, ही दोन चुकीचीच.

लोभाचं राहू द्या. कार्ड तेवढं असू द्यावं.

वहिनी