आपोआप गेलेल्या उद्धट उत्तराबाबत खुलासा

प्रति,
मा. व्यवस्थापक,
गृहउद्योग मेळा कक्ष,
बीड.

विषय : 'कावून तरास देतो बे' या मजकुराच्या ई-मेलबाबत खुलासा व मेळ्यातील गाळा रद्द न करणेबाबत.
संदर्भ : टपालाने मिळालेली आपली कारणे दाखवा नोटीस.

महोदय,

उपरोक्त विषयी सविनय अर्ज सादर करते की, मी वनमाला आश्रुबा घुमरे, रा. तलवाडा, ता. गेवराई, येथे येसर, म्हणजे आमटीला लावायचे भाजक्या धान्याचे मसालेदार पीठ, करून विकते. सोबत गावातील बायनाबाई व वच्छलाबाई आहेत.

१. धंद्याला ई-मेल पाहिजे, असे एका प्रशिक्षणात ऐकून मी तो काढला व पत्ता पाकिटांवर छापला. गिऱ्हाइकाने त्यावर कधी लिहिले नाही. मात्र परदेशी मयत शेठची इस्टेट, विनातारण कर्ज, टकलावर उगवणारे केस, असले मेल रोज येऊ लागले. टकलाच्या तेलवाल्याला मी सविस्तर कळविले की, माझे केस कमरेपर्यंत आहेत, तेल नको. त्यानंतर त्याचे मेल दुप्पट झाले. अर्जदाराच्या अकलेची कल्पना येथेच यावी.

२. आपण बाहेरगावी असलो की आलेल्या मेलला आपोआप उत्तर जाते, अशी एक सोय मला सापडली. शहाणी माणसे तेथे 'मी सुट्टीवर आहे' असे लिहितात. मी लिहिले : "कावून तरास देतो बे? तुला दुसरा धंदा न्हाई का? परत मेल टाकला तर मिरचीसंगं कांडपात घालीन." यातील 'बे' माझा नाही. तो यजमान भावकीत भांडताना वापरतात, त्यांच्याकडून मी उसना घेतला. लिहून झाल्यावर लई बरे वाटले, हेही लपवत नाही.

३. त्यानंतर, मेळ्यातील गाळ्यासाठी आम्ही केलेल्या अर्जावर आपला मेल आला. "अभिनंदन! आपली निवड झाली आहे. खालील लिंकवर त्वरित माहिती भरावी." महोदय, राग नसावा, पण लॉटरीवालाही मला हेच लिहितो. मी तो उघडलाच नाही. माझे उत्तर मात्र गेले. त्यावर आपल्या कार्यालयाचे आपोआप उत्तर आले, "आपल्या बहुमोल सूचनेबद्दल आभार." त्याला पुन्हा माझे गेले. शनिवार-रविवार कार्यालय बंद. दोन दिवस मी आपणांस कांडपात घालत होते आणि आपण आभार मानत होता. सोमवारी आपली पेटी भरून बंद पडली व इतर बायांचे अर्ज परत गेले, असे नोटिशीत वाचले. फालतू मेल कमी करायला निघाले आणि सगळ्यांत जास्त फालतू मेल मीच पाठवले. इतरांचा खोळंबा झाला, याची मला खरोखर लाज वाटते.

४. मेळ्याच्या आशेवर आम्ही येसर आधीच भाजून ठेवले आहे. बायनाबाईंनी मेळ्यासाठी नवे लुगडे घेतले आहे. नोटीस वाचून दाखवली तेव्हा त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "वनमाला, तू मेल वाचतच न्हाईस, मंग आमी कुनाच्या भरवशावर भाजीत बसलो?" आपणांस खुलासा देत आहे, त्यांना द्यायला माझ्याकडे खुलासा नाही. एवढ्या वर्षांत त्या पेटीत आमच्या कामाचा तो एकच मेल आला होता.

५. सबब विनंती की, शिक्षा मला करावी व गाळा बायनाबाई आणि वच्छलाबाई यांच्या नावे द्यावा. मी मेळ्याला येणार नाही. घरी बसून मेल वाचीन.

६. उत्तर कृपया ई-मेलने देऊ नये. ती सोय बंद केली असे समजून काल यजमानांच्या फोनवरून स्वतःला मेल टाकून पाहिला. उत्तर आले. यजमानांनी ते वाचून 'बे' कोणाला म्हणतेस, असे विचारले. त्यांनाही खुलासा देणे बाकी आहे.

आपली, आता तरी नम्र,
वनमाला आश्रुबा घुमरे
तलवाडा, दि. ११/१२/२०२५

सोबत :
१. नोटिशीची प्रत.
२. माझ्या उत्तराची छापील प्रत, एकच. बाकीची सर्व तशीच आहेत.
३. येसर, पाव किलो. लाच समजू नये, नमुना आहे. दोघींनीच भाजले आहे, माझा हात लागलेला नाही.