तुझ्या नातीची बाबागाडी

आये, तुझ्या नातीसाठी बाबागाडी घेतली. तू तिला पाहिलेलं नाहीस, जावयांनाही नाही. तू गेलीस तेव्हा मी डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होते, म्हणून आधी आमचं सांगते. मी आता मोखाड्यात राहते आणि सूर्यमाळच्या बाजूला एका पाड्यावरच्या शाळेत शिकवते. जावई पंचायत समितीत कारकून आहेत. मूळ जव्हारचे, बाजारपेठेतल्या घरातले, आवाज न चढवणारे. पोर चार वर्षांची आहे. ती बसत नाही, मान धरत नाही. जन्मल्यावर तिला रडायला वेळ लागला, तेवढ्यात मेंदूला इजा झाली, असं नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं. घरात आणखी कोणी असं होतं का, असंही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझा धाकटा भाऊ. त्यांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, त्याचं लहानपणीच्या तापाने झालं असणार, त्याचा आणि हिचा काही संबंध नाही. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. पण त्या दिवसापासून धाकटा सारखा डोळ्यांपुढे येतो, आणि त्याच्या मागून तू येतेस.

आश्रमशाळेचं ते स्वयंपाकघर आठवतं. धुराने काळी झालेली कौलं, दोन मोठ्या चुली, आमटीचं पातेलं उतरवायला लागणाऱ्या तुम्ही दोघी बायका. कामावर येताना तू धाकट्याला झोळीत घालून पाठीशी बांधायचीस आणि तांदळाच्या पोत्यांच्या आडोशाला गोधडीवर निजवायचीस. मी पाचवीत आहे. जेवणाची सुट्टी झाली की ताट घ्यायच्या आधी मी त्याच्याकडे धावते. तो मला बघून हसतो, तोंडातून लाळ गळते, ती मी फ्रॉकच्या टोकाने पुसते. एकदा तपासणीला आलेल्या एक मॅडम तिथे डोकावल्या. त्यांनी धाकट्याकडे बघितलं आणि मला विचारलं, "हा केव्हा चालणार गं?" मी लगेच म्हटलं, "पुढच्या वर्षी." तू नागलीची भाकरी थापत होतीस. हात न थांबवता तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "खोटं नको बोलू. तो नाय चालायचा." मॅडम गेल्यावर मी रडायला लागले. तू मला जवळ घेतलं नाहीस. म्हणालीस, "त्या बाईला काय, ती इसरून जाईल. पुढच्या सालाला तूच मला इचारशील, आये, हा का नाय चालला? तवा मी तुला काय सांगू?"

त्याच वर्षी शिमग्याला बाबा वसईकडच्या कामावरून आले ते लाकडी पांगुळगाडा घेऊन. जव्हारच्या बाजारात त्यांनी तो घेतला होता. लाल रंग, तीन चाकं. त्यांनी धाकट्याला काखेत धरून पांगुळगाड्याशी उभं केलं. त्याचे पाय नुसते लोंबत राहिले, बोटं जमिनीला घासत राहिली, आणि बाबा म्हणत राहिले, "होईल, होईल." दुसऱ्या दिवशी तू तो पांगुळगाडा शेजारणीच्या पोराला देऊन टाकलास. सण संपला तसे बाबा कामावर परत गेले. पण पुढच्या शिमग्याला ते आले नाहीत, आणि मग आलेच नाहीत. तुझ्याआधी धाकटा गेला तेव्हाही नाहीत. तू त्यांना कधी बोल लावला नाहीस. मला मात्र कितीतरी वर्षं वाटायचं, तो पांगुळगाडा घरात राहिला असता तर बाबाही राहिले असते.

पोरीला मी माझ्याबरोबर शाळेत नेते. घरी कोणाजवळ ठेवणार? जीप सडकेवर सोडते, तिथून पाड्यापर्यंत पायवाट आहे. त्या वाटेवर मी तिला तुझ्यासारखीच पाठीशी बांधते. पण ती आता लांब झाली आहे. तिचे पाय माझ्या मांड्यांवर आपटतात, आणि मधेच तिने अंग ताठ केलं की माझा तोल जातो. उन्हाळ्यात पाड्यावरच्या बायका पाण्याचे हंडे घेऊन वर चढत असतात, त्या मला वाट देतात. डोक्यावर हंडा असलेल्या बाईने मला वाट द्यावी, याची लाज वाटते. वर्गात ती चटईवर पडून असते आणि छताकडे बघते. दिवसभर छत. म्हणून मी जावयांना म्हटलं, बाबागाडी घेऊ, निदान तिला पोरं तरी दिसतील.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की साधी बाबागाडी हिला चालणार नाही. डोक्याला आधार असलेली, छातीला पट्टा असलेली खास खुर्ची मिळते, ती घ्या. जावई म्हणाले, "आधी साधी बघू." नाशिकच्या त्या दुकानात बाबागाड्यांची रांग लावलेली होती. छत्रीसारख्या मिटणाऱ्या, बारक्या प्लास्टिकच्या चाकांच्या, तोंड आईकडे फिरवता येणाऱ्या, खाली सामान ठेवायला जाळी असलेल्या. मी चाकं बघत होते आणि जावई रंग बघत होते. आमच्या गल्लीतल्या खडीवर बारकी चाकं एक दिवस टिकली नसती. पोर माझ्या खांद्यावर झोपली होती. दुकानातली बाई हसतमुख होती. तिने विचारलं, "बाळ किती महिन्यांचं?"

"चार वर्षांची आहे," जावई म्हणाले.

"अय्या, मग आता कशाला गाडी? आता तर पळत असेल!"

"थोडा उशीर होतोय तिला. डॉक्टर म्हणालेत, होईल."

डॉक्टर असं म्हणाले नव्हते. मी म्हटलं, "ती चालणार नाही. बसतही नाही. पाठ मागे झुकवता येईल आणि पट्टे घट्ट बसतील अशी दाखवा." हे वाक्य मी तोपर्यंत मोठ्याने कधी उच्चारलं नव्हतं. आवाज माझा होता, पण बोलणं तुझं होतं, चुलीपुढचं. त्या बाईचं हसू मावळलं आणि ती उगाचच एका गाडीची धूळ पुसू लागली. जावई दुकानाबाहेर निघून गेले.

मी बाहेर गेले तर ते फुटपाथच्या कडेला रस्त्याकडे बघत उभे होते. म्हणाले, "परक्या बाईसमोर असं बोलायची काय गरज होती?"

"मग कोणासमोर बोलू? तुमच्यासमोर बोलले की तुम्ही उठून जाता."

त्यांनी दुकानाच्या दाराकडे पाहिलं. म्हणाले, "त्या दवाखान्यातल्यासारख्या खुर्चीत मी तिला बसवणार नाही. त्यात बसवली की संपलंच." मला लोंबत्या पायांच्या धाकट्याला धरून "होईल, होईल" म्हणणारे बाबा दिसले. मी वाद घातला नाही. आम्ही मोठ्या, हवा भरायच्या चाकांची निळी बाबागाडी घेतली. येताना घाटात मी ती पायांशी धरून बसले होते, आणि जावयांच्या मांडीवर पोर होती. ते तिला हळू आवाजात सांगत होते, "आता तू फिरायला जाणार."

पहिल्या दिवशी ते रजा काढून शाळेपर्यंत आले. पायवाटेवर चाकं चालत नाहीत, म्हणून मिटलेली गाडी खांद्यावर घेऊन ते पुढे आणि पोरीला बांधून मी मागे. शाळेच्या ओट्यावर गाडी उघडली, दोन्ही बाजूंना गोधड्यांच्या गुंडाळ्या लावल्या, पट्टे बांधले. सगळा वर्ग भोवती गोळा झाला. "बाई, मी ढकलू? बाई, मी?" त्यांनी ती ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवली, आणि ती हसली, आये. नुसते ओठ हलवून नाही, आवाज करून हसली. "बाई, हासली! बाई, ती हासली!" पोरं ओरडत होती. जावई खांबाला टेकून उभे होते, त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. त्या दिवशी मलाही वाटलं, माझंच चुकलं असेल.

पण मान पुढे पडायची. हनुवटी छातीला टेकली की श्वासाचा घरघर आवाज यायचा. फळ्यावर एक ओळ लिहायची, येऊन तिची मान उचलायची, परत दुसरी ओळ. गुंडाळ्या बदलल्या, पट्टा वर घेतला, पाठ मागे झुकवली. मागे झुकवली की पुन्हा छतच.

एकदा सुट्टीत गाडी घरी आणली होती, तेव्हा मोखाड्याच्या आठवडी बाजारात आम्ही तिला गाडीतून नेलं. जव्हारचे एक ओळखीचे म्हातारे गृहस्थ भेटले. पोरीकडे बघून जावयांना म्हणाले, "काय रे, एवढी मोठी पोर गाडीत? लाडावून ठेवली आहेस. उतरव, चालू दे तिला." अशा वेळी जावई काय म्हणतात ते मला पाठ होतं. पण ते म्हणाले, "नाही चालत, काका. चालणार पण नाही." म्हाताऱ्यांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि सुक्या मासळीच्या पालांकडे निघून गेले. जावयांनी गाडी वळवली आणि भाजी न घेताच आम्ही घरी आलो.

इतकी वर्षं मला हेच हवं होतं, की त्यांनी एकदा खरं बोलावं. ते बोलले आणि मीच घाबरले. ते आशा धरून होते म्हणून मला ती सोडता येत होती. घरात दोघांपैकी एकजण "होईल" म्हणत होता तोवर मी बिनघोर "नाही होणार" म्हणत होते. आता "होईल" म्हणायला कोणी उरलं नाही. बाबा निघून गेल्यावर तुझंही असंच झालं होतं का? तू एकटीच खरं बोलणारी आणि ऐकणारं कोणीच नाही, असं?

आषाढात तिच्या छातीत कफ झाला. नाशिकला दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, बसताना ती अशी वाकते की भरवलेलं श्वासनळीत जातं. त्या गाडीत बसवून भरवू नका. हे पुन्हा पुन्हा होईल, आणि दरवेळी तिची ताकद थोडी कमी होत जाईल. जावयांनी विचारलं, "किती वर्षं?" डॉक्टर म्हणाले, "सांगता येत नाही. पण फार आशा ठेवू नका." जावयांनी मान हलवली, कुणी पत्ता सांगावा आणि आपण समजलं म्हणावं तशी.

घरी आल्यावर त्यांनी सुतळीने तिच्या पाठीचं, मांडीचं, पायाचं माप घेतलं आणि मला न सांगता जाऊन ती खास खुर्ची घेऊन आले. राखाडी रंगाची, जड, कानांच्या दोन्ही बाजूंना उशा असलेली. तिच्यात पोर सरळ बसते. खिडकीतून गल्ली बघते, कोंबड्या बघते. कधी बघते, कधी नुसते डोळे उघडे असतात, ते मला ओळखता येत नाही. ही खुर्ची पायवाटेने शाळेत नेता येत नाही, म्हणून मी बिनपगारी रजेवर आहे. निळी बाबागाडी पलंगाखाली आहे. जावई कुठे गेलेले नाहीत. कचेरी सुटली की सरळ घरी येतात, तिच्याजवळ बसतात, वाटीतलं पातळ चमच्याने भरवतात. पण तिच्याशी बोलत नाहीत. फिरायला जाऊ म्हणत नाहीत. आम्ही दोघं आता एकमेकांशी फक्त औषधांचं बोलतो.

सकाळी मी देवापुढे दिवा लावते तेव्हा ते माझ्या मागे उभे राहतात. त्यांना वाटतं मी तिची तब्येत मागते, आयुष्य मागते. मी ते कधीच सोडलं. मी एवढंच मागते की ती माझ्या आधी जावी. माझ्यामागे तिची मान उचलायला कोणी नसेल, आणि तसं तिने एक दिवसही काढू नये. हे मी त्यांना सांगितलेलं नाही, कोणालाच नाही. धाकट्यासाठी तूही हेच मागत होतीस का, एवढंच मला तुला विचारायचं होतं. त्यासाठी लिहायला बसले, आणि सगळी पानं बाबागाडीच्या गोष्टींवर घालवली.