नाकाची साक्ष

२ जानेवारी

दूध करपलं. मी शेगडीपासून चार हातांवर वर्तमानपत्र वाचत बसले होते. लेक दारातून आत येता येताच ओरडली, "आई, नाक कुठे ठेवलंयस?"

म्हटलं, वाचत होते. लक्ष नव्हतं.

तिनं पातेलं सिंकमध्ये टाकलं, खिडकी उघडली आणि माझ्याकडे पाहिलं. गाडी विकण्याआधी माणसं टायर बघतात ना, तसं. जाताना म्हणाली, "महिनाअखेरीस आम्ही दोघं येतो. मग शांतपणे बोलू." ही मुलगी शांतपणे बोलू म्हणते तेव्हा जावयाशी बोलून झालेलं असतं. तिच्या घरात माझ्यासाठी कोणती खोली आहे ते मला ठाऊक आहे. इस्त्रीचं टेबल आणि जुन्या बॅगा ठेवतात ती. एका बाजूला मला ठेवतील.

खरं कारण मी कुणालाही सांगितलेलं नाही. इथे लिहिते. नोव्हेंबरातला ताप गेला तो माझं नाक घेऊन गेला. कसलाच वास येत नाही. फुलाचा नाही, फिनेलचा नाही. डॉक्टर म्हणाले, "येईल, किंवा येणारही नाही." एवढं सांगायला सात वर्षं शिकावं लागतं.

साबणाच्या कारखान्यात जन्म गेला माझा. साबणाच्या प्रत्येक खेपेचा वास मी पास केल्याशिवाय माल दाराबाहेर पडत नसे. मालकसुद्धा विचारायचे, "नाक काय म्हणतंय?" मला म्हणजे. आणि हे आता लेकीला सांगू? उद्याच बॅग भरेल माझी.

५ जानेवारी

वाचनालयात लेखनाचा वर्ग सुरू झालाय, तिथे नाव घातलं. साहित्याची हौस नाही मला. डॉक्टरांनी जाता जाता सांगितलं होतं, वास आठवायचा प्रयत्न करत राहा. म्हटलं, नुसतं आठवण्यापेक्षा लिहून पाहावं. कागदावर आला तर मागोमाग नाकातही येईल.

वर्ग घेणारी बाई माझ्या लेकीपेक्षा लहान. सगळ्यांना ताई म्हणते. मी तिची ताई कधीपासून झाले कोण जाणे. म्हणाली, "आनंद झाला, दुःख झालं असं लिहायचं नाही. काय दिसलं, काय ऐकू आलं, हाताला काय लागलं ते लिहा. तुमचं मन त्यातूनच दिसेल."

पहिला अभ्यास — लहानपणीचा एक वास. घ्या!

८ जानेवारी

शाळेच्या प्रार्थनागृहाचा वास लिहिला. फरशीचं पॉलिश, मेण, सिस्टरांच्या झग्यांची खळ, पावसात भिजलेले आमचे बूट. कारखान्यात शिकले तसा थर लावून मांडला — आधी उडून जाणारा, मग टिकणारा, शेवटी कपड्याला चिकटून घरी येणारा. एक निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, "आम्हाला वास आला हो."

मला नाही आला.

बाई मात्र म्हणाली, "सगळं बरोबर आहे, ताई. पण प्रयोगशाळेतून आल्यासारखं वाटतं. यात तुम्ही कुठे आहात?"

मी म्हटलं, "दुसऱ्या रांगेत, डावीकडून तिसरी." लोक हसले. ती हसली नाही.

घरी येईपर्यंत धुमसत होते. चाळीस वर्षं नाकावर पोट भरलं, आणि ही मला विचारते कुठे आहात!

९ जानेवारी

थंडी. खिडक्या घट्ट लावून बसले आहे. सकाळपासून डोकं जड.

१२ जानेवारी

आज करू नये ते केलं.

ह्यांचा करडा स्वेटर मी धुतलेला नाही. ते गेले तेव्हा प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधून ठेवला. पिशवी उघडली की वास थोडा थोडा उडून जाणार, हे माझ्याइतकं कुणाला कळतं? म्हणून दोन वर्षांत फक्त त्यांच्या वाढदिवसाला उघडायची. नाक घालायचं, लगेच गाठ.

आज गाठ सोडली. आधी कोपराजवळची स्वतःची बाही हुंगली. कामावरची सवय. दोन नमुन्यांच्या मध्ये स्वतःची बाही हुंगायची, म्हणजे नाक कोरं होतं. आता नुसतं कोरंच आहे. मग तोंड आत घातलं. लोकर टोचली. गळ्याशी एक धागा सुटलाय तो नाकात गेला. बाकी काही नाही. तंबाखू नाही, दाढीचा साबण नाही, माणूस नाही.

गाठ मारली. पुन्हा सोडली. पुन्हा. शेवटी शेवटी तर रागानंच सोडत होते. असेल नसेल तो सगळा वास मीच त्या खोलीत उधळला, आणि मला त्यातला कणही मिळाला नाही.

लिहायला बसले. "करडा" एवढाच शब्द झाला.

१४ जानेवारी

खालचा शिंपी वर आला. तळमजल्यावर दुकान, मागच्या खोलीत बायको आणि मुली. बिचारा दारातच उभा. "मावशी, जिन्यात कसला तरी वास मारतोय. कुजल्यासारखा. जरा तुम्ही बघता का? आमच्या नाकांचा काही भरवसा नाही."

काय करणार? गेले. तीन पायऱ्या उतरले, मान वर केली, डोळे मिटले, बाही हुंगली, पुन्हा मान वर केली. तो असा बघत होता जणू मी देवाशी बोलते आहे.

म्हटलं, "उंदीर. मेलाय कुठेतरी. आठवड्यात वाळेल."

"वाटलंच मला. पण तुमच्याकडून कळलं की बरं."

आत येऊन बसले. काय करायला हवं होतं मी? येत नाही म्हणून सांगायला? तो माझ्या लेकीचे ब्लाउज शिवतो. संध्याकाळपर्यंत तिच्या कानावर गेलं असतं.

१६ जानेवारी

शिंप्यानं जिन्याखालची सगळी अडगळ काढली. उंदीर सापडला नाही. "मावशी, भिंतीत असेल का हो?" म्हटलं, असेल. आता एकदा उंदीर म्हटलंय तर उंदीरच.

डोकं पुन्हा दुखतंय. चहा ढवळते, पिते, ओकारी येते. लेकीनं फोनवर विचारलं, "आवाज असा का?" म्हटलं, छान झोप झाली म्हणून.

१९ जानेवारी

नवा अभ्यास. एक इंद्रिय बंद करायचं आणि आपलं स्वयंपाकघर लिहायचं. सगळ्यांनी उत्साहानं रुमाल काढले, डोळ्यांना बांधायला. पोस्टमास्तर म्हणाले, मी कानात कापूस घालतो, बायको खूश होईल.

मला काही बांधावं लागलं नाही.

बाईनं ते पाहिलं असावं. वर्ग सुटल्यावर माझ्याबरोबर दारापर्यंत आली. "ताई, नसलेलं लिहू नका. असलेलं लिहा. जे उरलंय ते फार असतं." कुणी मागितला होता उपदेश! पण रस्ताभर तेच वाक्य चघळत आले.

२१ जानेवारी

सकाळी स्वयंपाकघरात खुर्ची घेतली आणि खरोखर लिहिलं. थर नाही, यादी नाही. ओट्याच्या कडेचा जिथे ह्यांनी नारळ फोडताना टवका उडवला होता तिथे बोट ठेवून बसले. तो खड्डा अजून धारदार आहे. नळाचा गारठा कोपरापर्यंत चढतो. खालून शिंप्याचं मशीन चालतं, थांबतं, चालतं. फ्रिज मध्येच अंग झटकतो.

आणि सगळं थांबलं की शेगडीच्या मागून एक बारीक आवाज. कुणीतरी "स" म्हणायला ओठ उघडावेत आणि पुढचा शब्दच सापडू नये, तसा.

वाक्य वाचून पाहिलं. चांगलं झालंय. आपण हे लिहिलं यावर विश्वासच बसेना. या घरात माझ्याशिवाय कुणीतरी बोलू पाहतंय असं वाटलं, आणि टेबलावर डोकं ठेवून रडले. किती दिवसांनी. डोकं ठणकत होतं, तरी बरं वाटलं.

२२ जानेवारी

वर्गात वाचलं. पोस्टमास्तर चष्मा पुसत बसले. बाई हळूच म्हणाली, "आता तुम्ही दिसलात."

मी नाक वर करून बसले होते, खोटं कशाला लिहू.

मग तिनं साधंच विचारलं. "तो आवाज कसला, ताई?"

म्हटलं, "घराचा."

"हो, पण खरंच कसला?"

वही मिटली. घरी आले. जिन्यात शिंप्याची धाकटी नाक दाबून पळत वर-खाली करत होती. मी तिथे उभी राहिले. शिंप्याला जिथे वास येतो, ती भिंत माझ्या शेगडीमागची.

वर आले. शेगडीला, बटणाला, कशालाही हात लावला नाही. साबणाची वडी घेतली, वाटीत फेस केला आणि नळीच्या जोडाला बोटानं लावला. एक बुडबुडा आला. फुगला. फुटला. दुसरा आला.

२३ जानेवारी

काल सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या आणि खाली जाऊन शिंप्याला म्हटलं, इस्त्री बंद करा, मुलींना बाहेर काढा. उंदीर नाही, गॅस आहे. मला नोव्हेंबरापासून वास येत नाही.

तो मुलींना बाहेर घेऊन गेला. मग परत येऊन म्हणाला, "मावशी, मग त्या दिवशी जिन्यात उभं राहून काय हुंगत होता?" आवाजही चढवला नाही त्यानं.

लेकीला मीच फोन केला. सगळं सांगितलं. म्हटलं, महिनाअखेरीची वाट बघू नकोस, ये.

खिडक्या अजून उघड्या आहेत. गारठा फार. पिशवीतून ह्यांचा स्वेटर काढला आणि अंगात घातला.