सतरा कारणं आणि दिल्लीचं पत्र

४ ऑगस्ट १९६१
दुर्गला कॉलेजात तीन तास शिकवले, सुपेल्यापर्यंत बस, पुढे पायी. पोलाद कारखान्याच्या वसाहतीतलं अर्धं सेक्टर चिखल होऊन चपलेला चिकटून घरात आलं. नागपूरहून मार्गदर्शक सरांनी प्रबंधाचं तिसरं प्रकरण परत पाठवलंय. शेरा : 'राष्ट्रं लढतात त्याची सतरा कारणं देता. मुख्य कोणतं?' ते ठाऊक असतं तर सतरा लिहिली असती का मी.

७ ऑगस्ट
व. (चारचौघांत 'अहो', पण वहीत नवऱ्याच्या नावाचं अक्षर लिहिणारच) पहिली पाळी करून आला. शेरा दाखवला. हसला. कारखान्यात त्याच्या रोलिंग मिलमध्ये मशीन बंद पडली की रजिस्टरात कारण लिहितात, ते काम त्याचंच. म्हणाला, "शेवटी जे तुटलं तेच लिहून मोकळे होतो आमी. बेअरिंग तुटलं. सहा महिने तेल नाई घातलं, हे कोन लिहिते?"
पोळी तव्यावर जळली. लढायांच्या पुस्तकांतून मीही शेवटी तुटलेलंच वेचत बसले होते. प्रकरण पुन्हा लिहायचं. चार वर्षं ग्रंथालयांत घातली आणि हा माणूस घरातच होता.

१९ ऑगस्ट
दिल्लीहून पत्र. संशोधनाची जागा, दोन वर्षं, तिथेच राहून. उत्तर ३१ पर्यंत पोचायला हवं. व.ला दाखवलं नाही. टिपणांच्या खोक्यात तळाशी ठेवलं.

२३ ऑगस्ट
भांडण. निमित्त, वरणात मीठ नाही. ताट तसंच ठेवून तो ड्यूटीवर. मीठ नव्हतंच, पण चार दिवस मी त्याच्याशी धड बोललेले नाही, त्याचं काय? आणि म्हणे ही बाई देशांची भांडणं सोडवणार. लाज वाटली.

२४ ऑगस्ट
पत्र त्याच्या हातात दिलं. दोनदा वाचलं. दिल्लीबद्दल काही नाही, आधी हेच : "मले कावून नाई सांगितलं?" खरं ते सांगितलं. नको म्हणाल अशी भीती होती. जा म्हणाल अशीही होती.
बराच वेळ चहा ढवळत बसला. साखर केव्हाच विरघळली होती. मग, "जा तू. मी का लहान आहो? मेसमंदी जेवून घेईन." मी रडले. त्याने आपला कप माझ्यापुढे सरकवला.

२६ ऑगस्ट
होकार लिहिला. लिफाफा त्यानेच चिकटवला, जाता जाता सुपेल्याच्या पोस्टात टाकतो म्हणाला. संध्याकाळी विचारलं, टाकलंत ना? मान हलवली आणि कांदे चिरायला बसला. कधी नव्हे ते.

२८ ऑगस्ट
दुपार. व. झोपलाय. धुवायला शर्ट घेतला तर खिशात लिफाफा, तसाच बंद. घामाने तिकिटाचा कोपरा सुटलाय.
उठवून विचारायला हवं. राग यायला हवा होता. आला, पण नंतर. आधी बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की न्हाणीघरातच बसून राहिले, शर्ट छातीशी धरून. तोंडाने जा म्हणाला, आणि दोन दिवस मला खिशात घेऊन फिरला.
डाक चारला निघते. आजची चुकली तर ३१ ला पोचत नाही. जायचंय मला, हेही खरंच आहे.
साडेतीन. तो कुशीवर वळला. लिफाफा माझ्या मांडीवर आहे.