माझ्या पेशी, ह्यांची परवानगी

मोशी, मंगळवार संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. सचिनला ब्लड कॅन्सर, बोन मॅरो हवा म्हटल्यावर आमच्या वडिलांनी, तात्यांनी, चाकणची सगळी भावकी तपासायला नेली. चुलते, त्यांची पोरं, सगळ्यांच्या गालात कापसाची काडी फिरली. कुणाचंच जुळलं नाही. मी सख्खी बहीण, पण मला नेलं नाही. का? तर "ती आता पाव्हण्यांच्या घरची."

शेवटी डॉक्टरबाईंनीच मला बोलावलं, माझ्याही गालात काडी फिरवली. म्हणाल्या, प्रत्येक पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे तुकडे बाहेर धरून दाखवते, त्यावरून शरीर आपलं-परकं ओळखतं. ते धरणारे हात माणसागणिक वेगळे. अर्धे आईकडून, अर्धे वडिलांकडून. म्हणून आधी सख्खी भावंडं तपासायची. लग्न झालं की ते हात बदलतात का, तात्या?

आज रिपोर्ट आला. माझं पूर्ण जुळलं.

आणि तात्यांनी फोन कुणाला केला? ह्यांना! "पाव्हणं, तुमची परवानगी असंल तर नेतो तिला." मी समोरच भाकरी थापत होते. हे म्हणाले, "विचार करून सांगतो." कसला विचार? काडी कुणाच्या गालात फिरली होती?

मी देणारच आहे. सकाळी एकटी जाऊन सही करणार. सचिनसाठी दोनदा विचार करायची मला गरजच नव्हती.

पण तात्या, तुम्ही मला एकदा तरी विचारायचं होतंत.