दसरा उलटल्यावरचा घट

आई, तू जाऊन इतकी वर्षं झाली, पण चांद्याच्या भाड्याच्या खोलीबद्दल तुला एक विचारायचं राहूनच गेलं. माझं मॅट्रिकचं वर्ष होतं. बाबा आलापल्लीकडे लाकडाच्या डेपोवर. चांद्यातल्याच सरकारी क्वार्टरसाठी त्यांनी अर्ज केला होता, हुकूम काही येत नव्हता. मालकाला आपली खोली खाणीतल्या एका बाबूला जास्त भाड्यानं द्यायची होती. आपल्या ऐपतीत दुसरी खोली गावात नव्हती. ही गेली तर मूल गावी मामाकडे जायचं आणि माझी शाळा संपली, हे तू बोलली नाहीस, पण दोघींना ठाऊक होतं. पितृपक्ष सरला की खाली करा, असं मालकानं बजावलेलं. आणि घटस्थापनेच्या सकाळी तू खोलीत दारासमोरच माती पसरून गहू पेरतेस, घट मांडतेस, अखंड दिवा लावतेस. आपल्याकडे घट कधी बसतच नव्हता. मी तुझ्या तोंडाकडे पाहते, तू वात सारखी करत राहतेस.

मालक कुलूप घेऊनच आला. "मागच्या साली तं नव्हता घट."

"यंदा बसला. उचलू काय? तुमीच सांगा, मालक."

मागून मालकीणबाई म्हणाल्या, "उचलू नका जी. दिवा इझला तं पाप आपल्याच घरावर. का आता देवीकडूनबी भाडं घेता?"

त्यानं चपला काढून हात जोडले. मग म्हणाला, "दसऱ्याले पाहतो."

दसरा आला, बाबा आले नाहीत. घट उठवायचा तो दिवस, आणि तू उठवला नाहीस. "घरधनी आल्याबिगर आमच्यात उठवत नाई," तू मालकाला सांगितलंस, तेही देवीसमोर. मी दिव्यात तेल घातलं. पुढे गव्हाचे अंकुर पिवळे पडून आडवे झाले, घटाच्या पाण्याला वास सुटला, मालक रोज दारातून डोकावून जाई. बाबा क्वार्टरचा हुकूम घेऊन आले, तेव्हा तू त्यांना आधी आंघोळीला पाठवलंस, घट उठवायला लावलास आणि मग रडलीस.

तू देवी बसवली होतीस की मालकाला अडवलं होतंस? त्या क्वार्टरातून मी मॅट्रिक झाले. हा कागद कुठे जायचा नाही म्हणून लिहिते: सासरी मी घट आपल्या माहेरचा कुळाचार म्हणून सांगितला, सुनेलाही तसाच शिकवला. सगळं यथासांग करते. फक्त दारावर थाप पडली, की आरती तशीच सोडून उठते आणि कोण आलंय ते आधी पाहते.